अकोला ते कळंबोली : एका चालकाच्या रोजीचा रस्ता

अकोल्याहून मुंबईला जावयाचे तर आज रेल्वे आहे, रात्रीच्या बसगाड्या आहेत आणि वाशीम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्गही आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तरीही गेल्या जानेवारीत आम्ही मुद्दाम जुना रस्ता धरला. बाळापूर, खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे आणि तेथून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव, नाशिक, कसारा. सुमारे सहाशे किलोमीटरचा हा रस्ता. वऱ्हाड-खानदेशातील कितीतरी घरांची चूल या रस्त्यावरच्या कमाईने पेटते. पण त्या घरांतील बायकामुलांनी तो रस्ता क्वचितच पाहिलेला असतो.

निमित्त होते कल्याणच्या एका लग्नाचे. गाडी भाड्याची होती. तीत आम्ही उभयतां, आमचा मेहुणा, त्याची पत्नी आणि नववीत शिकणारी त्यांची मुलगी असे पाच जण होतो. आमच्यापैकी एकीचा तो पाठचा भाऊ आणि दुसऱ्याचा मेहुणा. गेली अठरा वर्षे तो मालमोटार चालवितो. सध्या चौदा चाकी गाडीवर आहे. अकोल्याच्या डाळ गिरण्यांतून तूरडाळ भरायची, नवी मुंबईच्या दाणाबाजारात उतरवायची, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून लोखंड भरून विदर्भात परतायचे, ही त्याची खेप. पगार आणि भत्ता मिळून महिन्याला ३६ हजार रुपये पडतात. त्याचे वडील कापूस बाजारात हमाली करीत. त्या घरात एवढा पैसा दरमहा येईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आणि हाच माणूस दिवाळीपासून म्हणत होता, "ताई, मले आता ही गाडी सोडाची हाये."

घरात दोन तट पडले. सासरची मंडळी म्हणत, एवढा पगार कोण सोडतो? आई म्हणे, लेकरू घरी येऊ द्या. आम्हांला विचारले गेले. कोणाच्या भाकरीबद्दल मत द्यायचे तर ती भाकरी कोठून येते ते आधी पाहिले पाहिजे, असे आम्हांस वाटले. म्हणून त्याला म्हटले, "लग्नाला जाताना तुझ्याच रस्त्याने जाऊ. तू दाखव, आम्ही पाहतो."

पहाटे चारला निघालो. बाळापूरच्या पुलावर अजून अंधार होता. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला नुसता काळ्या ढिगासारखा दिसत होता. मेहुणा पुढच्या आसनावर बसला होता आणि त्याचा उजवा पाय सारखा ब्रेक दाबत होता. मग स्वतःच हसला. "या रस्त्यावर म्या पयल्यांदाच बाजूच्या सीटवर बसलो, भाऊजी. हा किल्ला आहे हे माहीत होतं, पण पाहिला आजच."

खामगाव मागे पडले तेव्हा उजाडले. त्याने आम्हांस खेपेचा हिशेब सांगितला. मालासोबत बिल्टी असते आणि ई-वे बिल असते. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालाच्या ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. म्हणजे सहाशे किलोमीटरला सरकारी कागदावर तीन दिवस. मालकाचा फोन मात्र दुसऱ्या सकाळीच येतो, "पोहोचला का?" गाडीत जीपीएस आहे. गाडी कोठे थांबली, किती वेळ थांबली, हे मालकाला घरबसल्या दिसते. अर्धा तास डोळा लागला तरी फोन वाजतो. डिझेलचा हिशेब किलोमीटरवर ठरलेला. घाटात, गर्दीत जास्त जळाले तर भत्त्यातून कापतात.

"आणि रिकामी करायला उभं राहावं लागते त्याचं काय?" भावजयीने मागून विचारले. हा प्रश्न तिने यापूर्वी कधी विचारला नव्हता, कारण उभे राहावे लागते हेच तिला ठाऊक नव्हते. तिला वाटे, माल पोहोचला की माणूस मोकळा. मेहुणा म्हणाला, "त्याचे पैसे नाई. गाडी चालली तर भत्ता. उभी राहिली तर म्या नुसता राखणदार." मागच्या पावसाळ्यात एका गोदामाच्या फाटकावर तो ३१ तास उभा होता. चालकांना आत सोडत नव्हते. पाणी बाहेरच्या टपरीवरचे विकत, संडास नाही. पहारेकरी वयाने मुलासारखा, पण बोलणे अरे-तुरेचे.

भुसावळ ओलांडताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागल्या. मुलीने शाळेच्या भूगोलात जळगावची केळी वाचली होती. आज घड भरलेल्या गाड्या पाहिल्या. तिने विचारले, "बाबा, तुम्ही रोज हे पाहता?" तो म्हणाला, "रात्री जातो ना बेटा. रात्री सगळे गाव सारखेच दिसतात." मुलगी गप्प झाली. तिच्या मनात वडिलांचा प्रवास म्हणजे सहल होती.

पारोळ्याच्या पुढे एका धाब्यावर जेवायला थांबलो. धाबेवाल्याने मेहुण्याला ओळखले. घरची माणसे सोबत पाहून पाण्याचे तांबे स्वतः घेऊन आला. मागच्या बाजूला खाटांची रांग होती. भर दुपारी सात-आठ चालक तोंडावर उपरणे घेऊन झोपलेले. हौदाशेजारी दगडावर कपडे धुतलेले. भावजयीने ती खाट पाहिली, हौद पाहिला. जेवणाचे दरही विचारले. दोन वेळचे जेवण, चहा, नाश्ता, आंघोळीचे पैसे, हे सारे धरून दिवसाला अडीचशे रुपये सहज जातात असे मेहुण्याने सांगितले. तिने मनात काहीतरी मांडले. ते काय, हे आम्हांला दोन दिवसांनी कळले.

त्या धाब्यावरच कायद्याचा विषय निघाला. एक वयस्क चालक म्हणाला, "ड्रायव्हरला कसला कायदा?" वाचक बंधू-भगिनींनो, कायदा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ साली मांडलेल्या विधेयकातून कारखान्यांतील कामगारांचा आठवडा ४८ तासांवर आला. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला. पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला तो लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा तास, आणि आठवड्याची सुटी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. आठ तासांचा दिवस तिच्यातही आहे आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदलाही आहे. पण ज्या मालकाच्या दोनच गाड्या आहेत, हजेरीचे पुस्तक नाही, नेमणुकीचे पत्र नाही, तेथे तास मोजणार कोण? त्या वयस्क चालकाने ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, कागदावर आहे हे तरी समजलं." आम्हांला त्याच्या उत्तराची चुटपुट लागून राहिली.

धुळ्याला रस्ता बदलला. लळिंगचा किल्ला मागे टाकून आम्ही मुंबई-आग्रा रस्त्याला लागलो. मालेगावचे यंत्रमाग, मग चांदवडच्या अलीकडचा राहुड घाट. घाट लहानसा, चारचाकीला कळतही नाही. तेथे मेहुण्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरून तो कठड्याजवळ उभा राहिला. आम्ही त्याच्याजवळ गेलो. भावजय आणि मुलगी गाडीतच होत्या.

"ऑक्टोबरात एका रात्री म्या हा घाट ओलांडला, भाऊजी," तो म्हणाला. "पण ओलांडल्याचं मले आठवत नाई. मालेगाव आठवते, मग एकदम चांदवडचे दिवे. मधला रस्ता कोणं चालवला? चौदा चाकं, मागं पंचवीस टन डाळ. त्या रात्री पुढं कोनी मोटारसायकलवाला असता तर?"

दिवाळीपासूनच्या हट्टाचे कारण हे होते. घरी त्याने ते सांगितले नव्हते, कारण घरच्यांनी मग प्रत्येक रात्र जागून काढली असती. गाडी चालविणाऱ्याचा डोळा उघडा असूनही मेंदू झोपतो, हे थकव्याचे अगदी शेवटचे लक्षण आहे. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी ते टळत नाही, झोपेनेच टळते. आणि झोप तर त्याच्या हातात नव्हती.

अपघाताच्या भीतीला आणखी एक बाजू आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघात करून न कळविता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली आहे. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना सरकारने तेवढे कलम बाजूला ठेवले. जखमीला टाकून पळणे हे वाईटच, त्यात दुमत नाही. परंतु जमाव अंगावर आला तर थांबायचे कसे, हा चालकाचा प्रश्नही खोटा नाही. मेहुण्याने एवढेच म्हटले, "लोक मोठ्या गाडीवाल्यालेच धरतात. चूक कोनाची ते मग पाहतात."

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचे आणि कांद्याचे ट्रक दिसले. नाशिक ओलांडून इगतपुरी गाठेपर्यंत सूर्य मावळतीला आला होता. कसारा घाटात मात्र मेहुण्याचा चेहरा पालटला. आमच्या गाडीचा चालक तरुण पोरगा होता. मेहुणा त्याला सांगू लागला, ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही. ब्रेक तापले की धरत नाहीत. डिझेल वाचवायला काही जण उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कोणी तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद झाले की हवा भरणारे यंत्र थांबते, टाकीतला दाब उतरतो, आणि हवेवर चालणारा ब्रेक हातचा जातो. "दहा रुपयांचं तेल वाचवायला माणूस दरीत जाते," तो म्हणाला. समोर एक लांब ट्रेलर मुंगीच्या पावलाने उतरत होता. मेहुण्याने त्याच्याकडे बोट दाखवून मुलीला सांगितले, "हा पाहा खरा ड्रायव्हर. मागं किती हॉर्न वाजले तरी घाई नाई करत."

त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो रास्त होता. अठरा वर्षांत त्याच्या हातून कोणी दुखावले गेले नाही. तीस पावसाळी वळणे तो डोळे मिटून सांगू शकतो. हे काम सोडणे म्हणजे नुसता पगार सोडणे नव्हे, ज्यात आपण पारंगत आहोत ती विद्या सोडणे होय. नोकरी सोडण्याच्या गोष्टी बोलताना घरची मंडळी हे विसरतात. तो कंटाळला होता ते गाडीला नव्हे. फाटकावरच्या अपमानाला, फोनला आणि जागरणाला.

कल्याणचे लग्न आटोपून दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांला कळंबोलीला नेले. सिडकोने वसविलेला हा लोखंड बाजार. येथूनच पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग सुरू होतो, पनवेल जवळ, न्हावा-शेवा बंदराचा रस्ताही हाकेवर. लोकांच्या दृष्टीने हे नाके ओलांडून पुढे जाण्याचे ठिकाण. चालकांच्या दृष्टीने मात्र ते गावच आहे. रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांवर महाराष्ट्र, राजस्थान, हरियाणा, कर्नाटक, आंध्र यांच्या पाट्या. पत्र्याची भलीमोठी भेंडोळी साखळदंडांनी जखडलेली. ताडपत्री विकणारे, टायरचे पंक्चर काढणारे, केस कापणारे, वजनकाटे, चहाच्या टपऱ्या. दोन गाड्यांच्या मध्ये दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. गाडीच्या सावलीत स्टोव्हवर कोणी भाजी परतीत होता. लोड मिळेपर्यंत एक दिवस, कधी तीन दिवस येथेच जातात.

मेहुण्याने आपली नेहमीची जागा दाखविली. केबिनमागे फळी टाकलेली, तीवर गोधडी. अशीच एक गाडी तेथे उभी होती. मे महिन्यात त्या पत्र्याच्या पेटीत काय होत असेल, ते सांगायला नको. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे करणारी अधिसूचना सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये काढली. ती नव्या गाड्यांसाठी. आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे चालक ओला टॉवेल डोक्यावर घेऊन झोपतात.

त्या रात्री कल्याणला नातलगांच्या घरी भावजयीने मुलीच्या वहीचे मागचे पान उघडले. घरातल्या कॅलेंडरवर ती नवरा घरी झोपला त्या तारखेला टिंब देते, हे आम्हांस तेव्हा कळले. गेल्या वर्षी ३६५ रात्रींपैकी टिंबे ७१. मग तिने हिशेब मांडला. महिन्याला ३६ हजार. त्यातून रस्त्यावरचा खर्च दिवसाला अडीचशेप्रमाणे २६ दिवसांचे साडेसहा हजार वजा. राहिले साडेएकोणतीस हजार. काम दिवसाला चौदा तास, म्हणजे महिन्याला ३६४ तास. तासाला ८१ रुपये.

अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गिरणीला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात माल पोहोचविण्यासाठी चालक हवा होता. पगार वीस हजार, काम नऊ तास, रात्री घरी. २६ दिवसांचे २३४ तास होतात. तासाला ८५ रुपये. वही फिरत फिरत सगळ्यांच्या हातात गेली. ज्या नोकरीला आम्ही सारे भरपूर पगाराची म्हणत होतो, तिचा दर कमीच निघाला. पैसा जास्त दिसत होता तो तास जास्त विकले म्हणून.

पण घर तासांवर चालत नाही, महिन्याच्या रकमेवर चालते. तूट साडेनऊ हजारांची होती. भावजय म्हणाली, "चोवीस रात्रींचे साडेनऊ हजार. एका रात्रीचे चारशे रुपये." कोणी काही बोलले नाही. मग तिनेच तूट कोठून भरायची ते सांगितले. शिलाई मशीन घरात आहे. शाळेचे गणवेश घेतले तर महिन्याला सरासरी तीन हजार सुटतील. वरच्या खोलीसाठी दरमहा पाच हजार बाजूला पडत होते, ते थांबवायचे. उरले दीड हजार, ते घरखर्चातून ओढायचे. मुलीच्या शिकवणीला हात लावायचा नाही.

वरची खोली हे मेहुण्याचे स्वप्न होते. वडिलांनी बांधलेल्या विटामातीच्या घरावर स्लॅब घालायचा आणि मुलीला अभ्यासाला वेगळी जागा द्यायची, यासाठी तो इतकी वर्षे राबला होता. तो म्हणाला, "खोली नाई झाली तर मंग म्या अठरा वर्षं काय केलं?" त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी खालीच अभ्यास करीन. तुम्ही मला गणित विचारत जा." तो दहावी पास आहे. गणित त्याचे चांगले आहे.

राहुड घाटाची गोष्ट त्याने त्याच रात्री बायकोला सांगितली. सकाळी तिचे डोळे सुजलेले होते, पण तिने मालकाला उद्याच सोडा असे म्हटले नाही. तूट अंगावर येऊ नये म्हणून तीन महिन्यांचे साडेअठ्ठावीस हजार हाती ठेवायचे आणि मार्चअखेर मालकाला सांगायचे असे ठरले. तोपर्यंत एक अट होती. झोप आली की गाडी बाजूला लावायची. मालकाचा फोन तिने घ्यायचा. आणि ती खरोखरच घेत असे. रात्री दोन वाजता मालकाला तिने सांगितले, "ते झोपले आहेत. झोपू द्या. माल कुठं पळत नाही." मालकही मग थोडा नरमला, जादा दोन हजार देतो म्हणाला. मेहुण्याने मागितले ते पैसे नव्हते. लांबच्या खेपेला जोडीला दुसरा चालक द्या, म्हणजे मी राहतो, असे तो म्हणाला. ते मालकाला परवडले नाही.

एप्रिलपासून तो गिरणीच्या गाडीवर आहे. सारे गोड झाले असे सांगणार नाही. नऊ तासांचे कधी दहा होतात. बार्शीटाकळी आणि पातूरच्या फेऱ्यांना तो कंटाळतो; मोठ्या रस्त्यावर जुना सोबती दिसला की उगाच हॉर्न देतो. पहाटे तीनला अजून जाग येते आणि हात गिअर शोधतो. खोलीच्या विटा अंगणात तशाच रचून ठेवल्या आहेत.

ज्यांच्या घरी असाच प्रश्न आहे त्यांना एवढेच सांगावयाचे आहे. रागाच्या भरात गाडीची चावी मालकाच्या टेबलावर टाकू नका, आणि पगाराचा आकडा पाहून माणसाला गाडीवर ढकलूही नका. वही घ्या. हाती येणाऱ्या पैशातून रस्त्यावरचा खर्च वजा करा, तास मोजा, घरच्या रात्री मोजा, आणि तूट कशाने भरायची ते बायकोमुलांसह बसून ठरवा. हिशेब झाल्यावरही काही घरांना गाडी सोडता येणार नाही. त्यात कमीपणा नाही. तेथे निदान झोपेची अट घाला आणि मालकाचा रात्रीचा फोन घरच्या माणसाने उचला.